छातीतल्या पाण्याचा रिपोर्ट: ‘एक्झुडेट’ लिहून आले म्हणजे टीबीच ठरला का?

बेंबळाकाठ

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी वैद्यकीय अधिकारी आहे. गेल्या आठवड्यातल्या एका रुग्णावरून पडलेला प्रश्न इथल्या जाणकारांपुढे ठेवतो.

रुग्ण ५८ वर्षांचे कास्तकार आहेत. “दोन पावलं चाललो का दम लागते जी,” एवढेच ते सांगत होते. दोन्ही पायांवर सूज होती आणि बोटाने दाबले की खळगा पडून तो बराच वेळ तसाच राहत होता. एक्सरेत उजवीकडे बरेच आणि डावीकडे थोडे पाणी दिसले. आमच्याकडे येण्याआधी तालुक्याच्या एका खाजगी डॉक्टरांनी त्यांना नऊ दिवस लघवीच्या गोळ्या, म्हणजे फुरोसेमाइड, दिल्या होत्या. मी उजव्या बाजूचे साधारण ६० मिलिलिटर पाणी काढले. ते फिकट पिवळे आणि स्वच्छ होते. तपासणीसाठी ते तालुक्याच्या प्रयोगशाळेत पाठवले.

रिपोर्टात प्रथिने ३.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर आणि पेशींमध्ये ७० टक्के लिम्फोसाइट (टीबीत वाढणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशी) आल्या. खाली ठळक अक्षरांत ‘प्रथिने ३ पेक्षा जास्त, एक्झुडेट’ (म्हणजे फुप्फुसाच्या आवरणालाच आजार झाल्याने साचलेले पाणी) असा शेरा होता. नातेवाइकांनी तो रिपोर्ट आणखी कुणाला तरी दाखवला आणि “टीबीची औषधे ताबडतोब सुरू करा” असा सल्ला घेऊन ते परत आले. टीबीच्या पाण्यात वाढणाऱ्या एडीए या एन्झाइमचा रिपोर्ट अजून यायचा आहे. पाण्यासोबत रक्त पाठवायला मी विसरलो, ही चूक माझीच. दुसऱ्या दिवशी सकाळी रक्त घेतले आणि प्रयोगशाळेने फ्रीजमध्ये ठेवलेल्या उरलेल्या पाण्यावर आणखी काही तपासण्या करायला सांगितल्या आहेत.

माझा प्रश्न असा आहे की नुसत्या ३ ग्रॅमच्या आकड्यावर कितपत विसंबावे? आणि हे पाणी खरोखर एक्झुडेट आहे का?

जुना_स्टेथोस्कोप

३ ग्रॅमची रेघ फार जुनी आहे. आमच्या आधीच्या पिढीत पाण्याचे विशिष्ट गुरुत्व पाहत आणि ते १.०१६ च्या वर गेले की एक्झुडेट म्हणत. पुढे त्याची जागा प्रथिनांनी घेतली. अडचण अशी की पाण्यातली प्रथिने रक्तातल्या प्रथिनांवर अवलंबून असतात. ज्याच्या रक्तातच प्रथिने ५ ग्रॅम आहेत अशा कुपोषित माणसाच्या टीबीच्या पाण्यात ती ३ च्या खाली राहू शकतात, आणि ज्याच्या रक्तात ८ ग्रॅम आहेत त्याच्या हृदयविकाराच्या पाण्यात ती ३ च्या वर जाऊ शकतात. म्हणून १९७२ साली रिचर्ड लाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५० रुग्णांच्या पाण्याचा अभ्यास करून गुणोत्तराची पद्धत मांडली. पाण्यातली प्रथिने भागिले सीरममधली (रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवातली) प्रथिने हे ०.५ पेक्षा जास्त. पाण्यातले एलडीएच (पेशींच्या आत असणारे एक एन्झाइम) भागिले सीरममधले एलडीएच हे ०.६ पेक्षा जास्त. किंवा पाण्यातले एलडीएच हे सीरमच्या सामान्य कमाल मर्यादेच्या दोन तृतीयांशाहून जास्त. या तिघांपैकी एक जरी खरे ठरले तरी पाणी एक्झुडेट मानायचे.

या निकषांमागचा विचार ध्यानात घेतला की पुढचे सोपे जाते. हृदय, यकृत किंवा मूत्रपिंड यांच्या दुखण्यात फुप्फुसावरण स्वतः निरोगी असते; दाब वाढल्यामुळे किंवा रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन घटल्यामुळे नुसते पाणी झिरपून बाहेर येते आणि मोठे प्रथिनरेणू मागे राहतात. हे ट्रान्सुडेट. आवरणालाच सूज आली, जंतू शिरले किंवा गाठ पसरली की केशवाहिन्या गळक्या होतात, प्रथिने बाहेर पडतात आणि पेशी मरून त्यांच्यातले एलडीएच पाण्यात उतरते. हे एक्झुडेट. थोडक्यात प्रथिने भिंतीचा गळकेपणा सांगतात आणि एलडीएच आतली पडझड सांगते.

आता तुमच्या रुग्णाविषयी. नऊ दिवस फुरोसेमाइड घेतलेल्या माणसाच्या छातीतून पाणी लवकर ओसरते आणि प्रथिने मागे उरून घट्ट होतात, जशी आटवलेल्या वरणात डाळ घट्ट होते. एकच निकष पुरेसा असल्यामुळे एक्झुडेट सहसा निसटत नाही, पण त्याची किंमत म्हणून सुमारे चतुर्थांश ट्रान्सुडेटवर एक्झुडेटचा शिक्का बसतो. लघवीच्या गोळ्या चालू असलेले हृदयरुग्ण त्यांत मोठ्या संख्येने असतात. लिम्फोसाइटचे म्हणाल तर ट्रान्सुडेटमध्येही त्यांचे प्रमाण जास्त असू शकते. टीबीच्या औषधांची घाई करू नका.

कपाशी_३०

मी वैद्यकीय क्षेत्रातला नाही, परंतु विषय घरचाच असल्यामुळे विचारतो. माझ्या काकांच्या रिपोर्टवर दोन महिन्यांपूर्वी ‘एक्झुडेट’ असेच लिहून आले होते आणि गावात कुणीतरी ‘म्हणजे कॅन्सर’ असे सांगितल्यापासून घरात कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. एक्झुडेट म्हणजे कॅन्सर असा अर्थ होतो का?

जुना_स्टेथोस्कोप

@कपाशी_३०, नाही. एक्झुडेट हे आजाराचे नाव नसून पाण्याच्या जातीचे नाव आहे. त्या जातीत टीबी येतो, न्यूमोनियाशेजारचे पाणी येते, संधिवात येतो, स्वादुपिंडाची सूज येते, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे साचणारे पाणी येते आणि कॅन्सरही येतो. पुढचा शोध आवरणात घ्यायचा की हृदय, यकृत, मूत्रपिंडात, एवढेच या शब्दावरून ठरते. काकांच्या पाण्याची पेशी तपासणी झाली होती का, आणि एडीए किती आले होते, हे त्यांच्या डॉक्टरांना अवश्य विचारा.

काचपट्टी

मी वर्धा जिल्ह्यात एका लहान प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. सूत्रे सर्वांना पाठ असतात, परंतु सूत्रात घालायचा आकडा बाटलीतच बिघडून येतो, त्याबद्दल लिहिते.

परवाचेच उदाहरण सांगते. दुपारी अडीचच्या एस.टी.ने वाहकाच्या हाती थर्मासचा डबा आला. आत बर्फाचे पाणी झाले होते आणि त्यात सलाइनच्या रिकाम्या बाटलीत ओतलेले छातीतले पाणी तरंगत होते. बाटलीवर चिकटपट्टी लावून नाव लिहिलेले होते, पण शाई विरघळल्यामुळे आडनावच काय ते वाचता येत होते. बाटली तिरकी केली तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी पांढरी गाठ होती. फायब्रिन (रक्त गोठवणारे तंतू) गोठले की पेशी त्या जाळ्यात अडकतात आणि मग मी सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेल्या पेशी खोट्या ठरतात. म्हणून पेशींसाठीचे पाणी जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, ग्लुकोजसाठीचे करड्या झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमध्ये आणि प्रथिने, एलडीएच, एडीएसाठीचे साध्या लाल झाकणाच्या ट्यूबमध्ये पाठवावे. साध्या ट्यूबमधले ग्लुकोज वाटेत पेशी खाऊन टाकतात. ते ४५ आले तर आजाराने खाल्ले की प्रवासाने, हे मला सांगता येत नाही.

एलडीएच हे आणखी लहरी आहे. लाल रक्तपेशींत ते सीरमपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते, त्यामुळे रक्त ओढताना पेशी फुटल्या किंवा रक्त सीरम वेगळे न करता तासन्‌तास पडून राहिले की सीरममधले एलडीएच फुगते आणि गुणोत्तर उगाच खाली येते. म्हणजे एक्झुडेट असूनही ट्रान्सुडेट दिसू शकते. उलट बाजूने, एलडीएचचे काही प्रकार थंडीत निष्क्रिय होतात. @बेंबळाकाठ सर, तुमचे पाणी रात्रभर फ्रीजमध्ये होते. त्यातली प्रथिने आणि अल्ब्युमिन जशीच्या तशी असतील, परंतु एलडीएच थोडे कमीच आलेले असेल असे समजून वाचा. रक्त दुसऱ्या दिवशी घेतले याचा मोठा फरक पडणार नाही, तरी ते पाण्याबरोबरच घेतलेले बरे.

बायोकेम_नागपूर

मी जीवरसायनशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि इथे थोडा वेगळा मुद्दा मांडू इच्छितो. खेड्यातून पाण्यासोबत रक्त येतच नाही, हे वास्तव मान्य करून रक्ताशिवाय चालणारा नियम का वापरू नये? हेफ्नर आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली अनेक अभ्यासांतल्या रुग्णांची माहिती एकत्र करून दाखवले की पाण्यातले कोलेस्टेरॉल ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त किंवा पाण्यातले एलडीएच सामान्य कमाल मर्यादेच्या ०.४५ पटीहून जास्त, या दोनच चाचण्यांनी एक्झुडेट ओळखण्याचे काम लाइट यांच्या निकषांइतकेच चांगले होते. त्यांतच पाण्यातली प्रथिने २.९ ग्रॅमपेक्षा जास्त हा तिसरा निकष जोडला तरी रक्ताची गरज पडत नाही. शिवाय लाइट यांच्या तीन निकषांपैकी दोन एलडीएचचेच आहेत आणि ते एकमेकांशी इतके बांधलेले आहेत की त्यांतला एक गाळला तरी निष्कर्ष फारसा बदलत नाही.

कमाल मर्यादेच्या बाबतीत एक सूचना करतो. एलडीएच मोजण्याच्या दोन पद्धती प्रचलित आहेत. एकीत लॅक्टेटपासून पायरुवेटकडे जातात आणि दुसरीत उलटे. दुसऱ्या पद्धतीने येणारे आकडे साधारण दुप्पट असतात. ‘एलडीएच २०० च्या वर म्हणजे एक्झुडेट’ असे जे काहीजण पाठ करून ठेवतात ते म्हणूनच धोक्याचे आहे. प्रत्येक रिपोर्टावर कंसात छापलेली त्या प्रयोगशाळेची मर्यादा पाहूनच हिशेब करावा.

बेंबळाकाठ

रिपोर्ट आले. सीरम प्रथिने ६.६, सीरम अल्ब्युमिन ३.६, सीरम एलडीएच २६०. पाण्यातली प्रथिने ३.४, अल्ब्युमिन २.१, एलडीएच १५०, कोलेस्टेरॉल ३८, एडीए १४. प्रयोगशाळेची एलडीएचची कमाल मर्यादा २५० आहे.

मी केलेला हिशेब असा. प्रथिनांचे गुणोत्तर ३.४ भागिले ६.६, म्हणजे ०.५१५. ते ०.५ च्या किंचित वर जाते. एलडीएचचे गुणोत्तर ०.५८, म्हणजे मर्यादेच्या आत. कमाल मर्यादेचे दोन तृतीयांश १६७ होतात आणि पाण्यातले एलडीएच १५० आहे, म्हणजे तेही आत. तिघांपैकी एक निकष केसभर ओलांडल्यामुळे नियमानुसार हे एक्झुडेटच ठरते. @काचपट्टी ताईंचे म्हणणे धरले तर ताज्या पाण्यात एलडीएच १७० ही आले असते आणि मग तीनही निकष ओलांडले गेले असते.

@बायोकेम_नागपूर, तुमचा दोन चाचण्यांचा नियमही लावून पाहिला. कोलेस्टेरॉल ३८ आहे, पण २५० च्या ०.४५ पट म्हणजे ११२.५ होतात आणि एलडीएच १५० आहे. तिथेही एक्झुडेट! मानेच्या शिरा फुगलेल्या, पायांना सूज, दोन्ही बाजूंना पाणी असा माणूस समोर बसलेला असताना सगळेच नियम एकमुखाने एक्झुडेट म्हणतात, आणि मला ते पटत नाही.

जुना_स्टेथोस्कोप

पटू नयेच. आता वजाबाकी करा. सीरम अल्ब्युमिन ३.६ वजा पाण्यातले २.१ म्हणजे १.५. हा फरक १.२ पेक्षा जास्त असला तर लाइट यांच्या निकषांनी एक्झुडेट म्हटलेले पाणीही बहुधा ट्रान्सुडेटच असते. अल्ब्युमिन केलेले नसेल तर प्रथिनांचा फरक पाहावा. तो ६.६ वजा ३.४ म्हणजे ३.२ आहे आणि त्याची मर्यादा ३.१ आहे. दोन्ही वजाबाक्या एकाच बाजूला बोट दाखवतात. फ्रीजमुळे एलडीएचविषयी जी शंका राहिली तिचा यावर काही परिणाम होत नाही, कारण अल्ब्युमिन आणि प्रथिने टिकाऊ आहेत.

@बायोकेम_नागपूर, आपला मुद्दा अभ्यासपूर्ण आहे आणि रक्त मुळीच नसेल तेव्हा तो नियम मीही वापरीन. परंतु ज्या रुग्णाला शिक्क्याची सर्वांत जास्त झळ बसते, म्हणजे गोळ्या चालू असलेला हृदयरुग्ण, त्याची सुटका या वजाबाकीने होते आणि वजाबाकीला रक्त लागते. त्यामुळे खेड्यातून रक्त येत नाही याला माझ्या मते उत्तर एकच, रक्त मागवणे. अल्ब्युमिनची तपासणी एडीएपेक्षा स्वस्त असते. हृदयाच्या बाबतीत, हृदयावर ताण आला की वाढणारे एनटी-प्रोबीएनपी १५०० पिकोग्रॅमच्या वर असणे हा आणखी भक्कम पुरावा आहे, परंतु तालुक्याच्या ठिकाणी ती तपासणी क्वचितच होते, म्हणून तिच्यावर वेळ घालवत नाही.

उलट एक इशारा देतो. कुणी ही वजाबाकीच पहिली चाचणी म्हणून वापरू लागेल तर तेही चुकेल, कारण तिच्यातून काही खरे एक्झुडेट निसटतात आणि निसटलेले पाणी कॅन्सरचे असू शकते. आधी लाइट यांचे निकष, आणि त्यांचा निकाल समोरच्या माणसाशी जुळत नसेल तेव्हाच वजाबाकी.

वैनगंगातीर

गडचिरोली जिल्ह्यातला अनुभव सांगतो, कारण आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल ही बाब विसरून चालत नाही. माझ्याकडे १९ वर्षांची सिकलसेलची रुग्ण आली होती. तीन आठवडे ताप आणि डाव्या बाजूला पाणी होते. तिच्या सीरममधले एलडीएच ९०० आणि पाण्यातले ४८० आले. गुणोत्तर ०.५३ झाले आणि आमच्या तरुण सहकाऱ्याने एलडीएचच्या रकान्यापुढे ‘ट्रान्सुडेट’ लिहून टाकले. सिकलसेलमध्ये रक्तपेशी सतत फुटत असल्याने सीरममधले एलडीएच एरवीही चढलेलेच असते आणि भागाकाराचा छेदच फुगतो. पाण्यातला ४८० हा आकडा स्वतंत्रपणे पाहिला तर तो दोन तृतीयांशाच्या रेघेच्या कितीतरी वर होता, आणि प्रथिनांचे गुणोत्तरही ०.६२ होते. एडीए ७२ आले आणि पेशींमध्ये ९० टक्के लिम्फोसाइट होत्या. टीबीच होता.

बायोकेम_नागपूर

हे उदाहरण फार मोलाचे आहे. दोन एलडीएच निकषांपैकी एक गाळायचा झाला तर गुणोत्तराचा गाळावा आणि पाण्यातला स्वतंत्र आकडा ठेवावा, हे त्यातून उघड दिसते. रक्ताविषयीचे माझे मत मात्र मी मागे घेतो. निदान सीरम प्रथिने आणि अल्ब्युमिन तरी हवेच.

बेंबळाकाठ

@वैनगंगातीर, एडीएविषयी थोडे विस्ताराने लिहाल का? आमच्याकडे ४० च्या वर आले की टीबी आणि खाली आले की टीबी नाही, असा सरधोपट हिशेब चालतो.

वैनगंगातीर

टीबी मुबलक असलेल्या आपल्या भागात तो हिशेब बऱ्याच अंशी चालतो, कारण छातीतल्या पाण्यात जंतू इतके विरळ असतात की स्लाइडवर ते क्वचितच सापडतात आणि सीबीनॅट ही जंतूंची जनुकीय तपासणीही अनेकदा निगेटिव्ह येते. आवरणाचा टीबी हा जंतूंच्या संख्येपेक्षा शरीराच्या प्रतिक्रियेचा आजार आहे, म्हणून त्या प्रतिक्रियेत वाढणारे एडीए उपयोगी पडते. मात्र ते पेशी पाहूनच वाचावे. लिम्फोसाइट जास्त आणि एडीए ४० च्या वर असेल तर टीबीची शक्यता दाट. न्यूट्रोफिल (पुवात आढळणाऱ्या पांढऱ्या पेशी) जास्त असतील तर आधी पू आहे का ते पाहावे. लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कॅन्सर) आणि संधिवातातही एडीए चढते. उतारवयात ते काहीसे कमी येते, म्हणून सत्तरीच्या माणसात ३४ आले तर टीबी नाहीच असे ठामपणे म्हणू नये.

काचपट्टी

न्यूट्रोफिलचा मुद्दा निघालाच आहे म्हणून मागच्या पावसाळ्यातले सांगते. एका सात वर्षांच्या लेकराचे पाणी आले होते. गढूळ, ताकासारखे. एडीए ९५ आले. रिपोर्ट घ्यायला आलेले वडील मोबाइलवर कुणाला तरी ‘टीबी निघाला’ असे सांगू लागले. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र सगळे शेत न्यूट्रोफिलचे होते आणि फ्लोराइड ट्यूबमधले ग्लुकोज २८ होते. मी त्यांना थांबवले आणि पाठवणाऱ्या डॉक्टरांना स्वतः फोन केला. त्या लेकराला गोळ्यांची नाही, नळी घालून पू बाहेर काढण्याची गरज होती, आणि ती त्याच संध्याकाळी घातली गेली. बारा दिवसांनी तेच वडील नळी काढल्याचे सांगायला प्रयोगशाळेत आले.

न्यूमोनियाशेजारच्या पाण्यात ग्लुकोज ६० च्या खाली किंवा पीएच ७.२ च्या खाली असेल तर नळीचा विचार तातडीने करतात. पीएच मात्र पट्टीवर पाहू नये. तो रक्तवायू मोजणाऱ्या यंत्रावरच करावा लागतो, सिरिंजमध्ये हवा राहिली तर आकडा वर जातो आणि भुलीच्या औषधाचे थेंब मिसळले तर खाली येतो. तालुक्याला असे यंत्र नसेल तर व्यवस्थित पाठवलेल्या ग्लुकोजवर भिस्त ठेवावी.

आणखी एक सांगायचे राहिले. एडीएच्या आमच्याकडच्या पद्धतीत सुटलेला अमोनिया मोजतात, त्यामुळे जंतू वाढलेल्या शिळ्या पाण्यातही आकडा फसवू शकतो.

कपाशी_३०

काकांच्या डॉक्टरांकडे आज जाऊन आलो. एडीए ६१ आणि लिम्फोसाइट जास्त, पेशी तपासणीत कॅन्सरच्या पेशी नाहीत, असे कागद निघाले. टीबीचे उपचार सुरू होऊन पाच आठवडे झाले आहेत, ताप गेला आहे आणि भूक लागते आहे. ते आम्हाला तेव्हाच सांगितले होते म्हणे, पण आमच्या डोक्यात ‘एक्झुडेट’ हाच शब्द अडकून बसला होता. आपणा सर्वांचे आभार.

बेंबळाकाठ

माझ्या रुग्णाचे पुढचे कळवतो. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी इको करायला पाठवले. हृदयाचा पंप बराच क्षीण झाल्याचे दिसले. टीबीची औषधे दिली नाहीत. हृदयाची औषधे बसवून दिल्यावर अठराव्या दिवशीच्या एक्सरेत डावीकडचे पाणी गेलेले आहे आणि उजवीकडे जेमतेम कोपरा बुजलेला आहे. मुलाला वजाबाकी कागदावर करून दाखवली तेव्हा तो म्हणाला, “म्हंजे पान्यापेक्षा रक्तानंच खरं सांगतलं.”

रुग्णालयाच्या तपासणी अर्जावर छापील रकाने बदलणे माझ्या हातात नाही. म्हणून प्रत्येक कोऱ्या अर्जावर पेनाने तीन ओळी लिहून ठेवल्या आहेत: सोबत रक्त घेतले का, लघवीच्या गोळ्या किती दिवस, सिकलसेल आहे का. @काचपट्टी ताई, आणखी काही जोडायचे असेल तर सांगा.

काचपट्टी

पाणी काढल्याची वेळ लिहा, सर. आणि नाव शाईने नको, पेन्सिलीने लिहा. पेन्सिल बर्फाच्या पाण्यात पुसली जात नाही.